दोन ठोक्यांच्या मधे

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं.

पण हे घडलं. चिंचवडला, १९७६ च्या मे महिन्यात. रात्री-बेरात्री नाही… भर दुपारी.

सुमनताई तिथल्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात नर्स होत्या. कार्डिओग्राम त्या काढायच्या आणि ठोक्यांची कागदी पट्टी वाचायचे डॉक्टर सबनीस. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाची पट्टी ते खिडकीच्या उजेडात धरायचे आणि सांगायचे, हा घरी जाईल… हा नाही.

सहसा चुकायचे नाहीत.

एप्रिलमध्ये किसन नावाचा कामगार आला होता. लातूरकडचा, काळेवाडीत खोली करून राहणारा. त्याला खिडकीजवळची खाट मिळाली. त्याच्या पट्टीवर तीन ठोके उमटायचे…

मग एक जागा रिकामी.

पुन्हा तीन. पुन्हा रिकामी.

"हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खाली पोचत नाहीये," डॉक्टर हळूच म्हणाले. "एवढ्या मोठ्या झटक्यानंतर असं दिसलं, की माणूस क्वचितच उठतो."

किसनला ते ऐकू गेलं असावं. त्यानं सुमनताईंचा हात घट्ट धरला.

"ताई, मला जायचं नाही बगा. लेकरं लहान हायती माझी."

त्याच संध्याकाळी तो गेला.

मे महिन्यात त्याच खाटेवर भिवा आला. चाकणजवळच्या खेड्यातला, भोसरीच्या एका कारखान्यात घणावर काम करणारा. तापट माणूस. किसनची आणि त्याची कधी गाठभेटसुद्धा नव्हती. सुमनताईंना तो "ए बाई, पानी" एवढंच म्हणायचा. बायको चिमाबाई पायाशी बसून असायची. तिच्या मनगटावर जुना, निळा पडलेला वळ होता.

भिवाची पट्टी वाईट होती. रोज लाटा बुटक्या होत चालल्या होत्या.

मग एका सकाळी सुमनताईंना काहीतरी दिसलं…

भिवाच्या दोन ठोक्यांच्या मधे आणखी एक ठोका होता. बारीक. केसासारखा.

"विजेच्या लाईनीतला दोष असेल," डॉक्टर म्हणाले. "अर्थिंग बघा."

अर्थिंग नीट होतं. प्लग बदलला. यंत्र दुसऱ्या पेशंटला लावलं, तर पट्टी स्वच्छ.

परत भिवाला लावलं…

मधला ठोका होताच. आणि आता तो मोठा झाला होता.

भिवाचा लहान.

"छातीवर कुनीतरी बसलंय," भिवा पुटपुटला. त्या तापट माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. "चिमे, त्याला उठीव की गं…"

खाटेवर दुसरं कुणीच नव्हतं.

त्या दुपारी वॉर्ड चिडीचूप होता. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येत नव्हती. भिवाचा श्वास अडकला, तशा सुमनताईंनी घाईनं यंत्राचे पट्टे त्याच्या हातापायांना बांधले. डॉक्टर धावत आले. त्यांनी छाती दाबली, इंजेक्शन दिलं, पुन्हा छाती दाबली.

यंत्राच्या सुईनं सरळ रेघ ओढायला सुरुवात केली.

डॉक्टरांनी हात काढून घेतले. चिमाबाईनं हंबरडा फोडला.

आणि सुई हलली…

तीन ठोके.

एक जागा रिकामी.

तीन ठोके.

डॉक्टरांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. "ही पट्टी तर त्या…" एवढंच बोलून ते थांबले.

हळूहळू रिकामी जागा भरली. ठोके सरळ पडू लागले. खाटेवरच्या माणसानं डोळे उघडले. सुमनताईंकडे ओळखीचं हसला.

"ताई," तो म्हणाला.

पुढं पट्टी इतकी सुधारली, की झटका येऊन गेला होता असं कुणी म्हटलं नसतं. माणूस चालत घरी गेला. डॉक्टरांचं भाकीत चुकलं होतं. त्यांना मात्र त्याचा आनंद झाला नाही.

पावसाळ्यात चिमाबाई एकटीच आली. बाकावर टेकली.

"बाई, मानूस नीट हाय. कामावर जातोय. पर झोपंत बोलतो… 'काय करायलीस गं' म्हनतो. आमच्यात असं कोन बोलत न्हाई. आन् सुट्टीच्या दिशी काळेवाडीत एका खोलीसमोर हुबा ऱ्हातो. तिथली पोरं खेळत्यात, त्यास्नी बघत."

सुमनताईंना लातूरकडचा, काळेवाडीतला किसन आठवला. त्यांनी चिमाबाईला तिच्या माहेरी जायला सुचवलं.

"कशापायी जाऊ?" चिमाबाईनं मनगट चोळलं. वळ आता नव्हता. "ह्यो मारत न्हाई. वरडत न्हाई. बशीत च्या ओतून मला आदी देतो."

मग ती जवळ सरकली. तिचा आवाज एकदम खाली गेला.

"पर बाई… मग माझा भिवा कुटं हाय?"

सुमनताईंनी पुन्हा कार्डिओग्रामच्या यंत्राला हात लावला नाही. दुसऱ्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी धरली. एका देहात दोन ठोके तिथं तरी शुभ असतात, असं त्या म्हणायच्या.

तरीही प्रत्येक बाई घरी निघाली, की दाखल होताना लिहून घेतलेलं नाव त्या तिला थांबवून पुन्हा विचारायच्या. नवऱ्याचं, गावाचं.

आणि ती उत्तर देईपर्यंत श्वास रोखून धरायच्या.