सदतीस आणि अडतीसच्या मध्ये

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. वांगणीपलीकडच्या एकशिक्षकी शाळेच्या एकुलत्या एका खोलीत अकरा मुले होती.

"सदतीस!" सोनू ओरडला आणि थांबला.

"पुढे?" हितेशने विचारले.

"पुढे काठी पोचतच नाही!"

"काठी काय रात्रीत आखडली? की लाडू खाऊन तूच जड झालास?"

सगळे खो-खो हसले. सोनू पहिलीत होता, हितेश तिसरीत. आणि खिडकीजवळ दुसरीच्या मुलींना हातच्याची वजाबाकी शिकवणारी मैत्रेयी चौथीत. चारही इयत्ता याच खोलीत बसत. शलाका मॅडम एकट्याच शिक्षिका, म्हणून मोठ्यांनी धाकट्यांना शिकवायचे, अशी त्यांनी पद्धत घालून दिली होती. त्या पद्धतीचा एकच नियम होता. धाकट्याला 'चुकलास' म्हणायचे नाही; 'पुन्हा मोज' म्हणायचे. मॅडम दिवाळीसाठी अंबरनाथला गेल्या होत्या, तरी मुलांनी वर्ग बंद पडू दिला नव्हता. खिचडी शिजवणाऱ्या सगुणाबाई रोज कुलूप उघडून देत.

भिंतीच्या तळाशी, पहिलीच्या मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, एक काळा पट्टा खोलीभर फिरलेला होता. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने शून्य ते शंभर अशी संख्यारेषा रंगवलेली होती. दोन आकड्यांमधले अंतर बरोबर एका बांबूच्या काठीएवढे. धाकटी मुले काठी टेकवत बेडूकउड्या मारत. मोठी मुले त्याच रेषेवर अपूर्णांक शिकत.

"सोनू, पुन्हा मोज," मैत्रेयी म्हणाली.

सोनूने पुन्हा मोजले. पस्तीस, छत्तीस, सदतीस... आणि काठी अडतीसच्या अलीकडे बोटभर कमी पडली!

आता मैत्रेयी स्वतः गुडघ्यांवर बसली. तिने सगळ्या जागा तपासल्या. प्रत्येक ठिकाणी काठी नेमकी बसली. फक्त या एका जागी नाही. तिने भिंतीवरचा नकाशा उचलला. मागे एक भेग पट्ट्यापासून थेट खिडकीपर्यंत चढत गेली होती.

"ही भेग होती का आधी?"

"नव्हती!" हितेशचे हसू मावळले. "दिवाळीआधी मीच नकाशा लावला होता."

तिघे बाहेर धावले. भिंतीला लागून एका नव्या फार्महाऊसच्या पोहण्याच्या तलावाचा खड्डा खणला जात होता. पोकलेनने माती थेट शाळेच्या पायापर्यंत ओरबाडली होती. पायाचे दगड उघडे पडले होते!

"उद्या इथे विनिताताई बाळांना तपासणार आहेत," सोनू हळूच म्हणाला. "आमची चिमी पण येणार."

गावच्या आशा सेविका विनिताताई बाळांच्या आयांना नेहमी त्याच भिंतीशी बसवत, कारण पंखा तिथेच होता.

मैत्रेयी धावत सांगायला गेली, तेव्हा शाळा समितीचे अध्यक्ष किसनतात्या ओट्यावर पाहुण्यांशी गप्पा मारत बसले होते.

"अगो पोरी, ती भिंत माझ्या लहानपणापासून उभी हाय! एक भेग पडली तं काय झालं? सुजित ठेकेदाराला सांगतो, लिपून टाकील."

आणि सुजितने खरोखरच लिपली! संध्याकाळी मुले आली, तेव्हा भेगेवर सिमेंट होते आणि पट्ट्यावर ताजा काळा रंग. आकड्यांना मात्र त्याने हात लावला नव्हता.

"आता सांग, भेग कुठे आहे?" खड्ड्याचा ठेकेदार सुजित हसत म्हणाला. "अरे बेटा, तिकडे शहरात कॅम्प चारला चार-चार माळ्यांच्या बिल्डिंगा उभ्या केल्यात मी. तुझ्या शाळेची एक भिंत मला नाही समजणार क्या?"

"काका, पण पाया..." मैत्रेयी म्हणू लागली.

"जा, फटाके फोड!"

सोमवारी सकाळी खोली भरून गेली. आया भिंतीशी टेकून बसल्या, बाळे रडू लागली, विनिताताईंनी वजनकाटा टांगला. बाहेर पोकलेन घरघरत होता. त्याच्या प्रत्येक धक्क्याला खिडकीची काच थरथरत होती. मैत्रेयीने गुपचूप काठी लावून पाहिली. ती तशीच हितेशकडे सरकली.

"हितेश, काल एक बोट होतं. आज दोन आहेत!"

"मग ओरडू या!"

"ओरडलो तर हाकलून देतील. त्यांनाच मोजायला लावू."

सुजित आणि तात्या दारात उभे होते. मैत्रेयी काठी घेऊन पुढे गेली.

"सुजितकाका, आमचा बेडूकउडीचा खेळ खेळता? पहिलीच्या पोराला जमतो. तुम्हाला जमेल ना?"

आया हसल्या. "खेळा की, भाऊ!"

"दे इकडे!" म्हणत सुजित उकिडवा बसला. तीसपासून त्याने सुरुवात केली. प्रत्येक उडीबरोबर सगळी मुले आकडे म्हणू लागली. "पस्तीस! छत्तीस! सदतीस!"

काठी हवेतच राहिली.

"पुन्हा मोजा, काका," मैत्रेयी म्हणाली.

त्याने पुन्हा मोजले.

"पुन्हा मोजा, काका!" सोनू म्हणाला.

या वेळी कुणी हसले नाही. सुजितने काठी उलटी करून पाहिली. "रंगवणाऱ्याने चुकीचं..." तो पुटपुटला.

"मग काल एक बोट आणि आज दोन बोटं कशी?" हितेश म्हणाला. "रंगवलेले आकडे चालतात का, काका?"

तात्यांनी काठी हिसकावून स्वतः लावली. कालचे सिमेंट बोटभर फाटलेले त्यांना दिसले.

"विनिता, उठव बायांना!" ते गरजले. "आन तो पोकलेन बंद कर रं!"

खोलीत एकच धांदल उडाली. मैत्रेयी दारात उभी राहून आयांना एकेक करून बाहेर काढत होती. सोनूने चिमीला छातीशी धरले आणि समोरच्या देवळाच्या मंडपाकडे पळ काढला.

"माजा खिचडीचा टोप राहिला!" सगुणाबाई मागे वळल्या.

"आजी, टोप नवीन घेऊ! तुम्ही नवीन कुठून आणायच्या?" हितेशने त्यांचा हात धरून त्यांना ओढतच बाहेर नेले.

सगळे मंडपात पोचले. मशीन थांबले होते. सुजित तेवढा खड्ड्याच्या पलीकडच्या कडेला उभा होता. एक दगड निसटला. मग दुसरा. आणि पुढच्याच क्षणी ती अख्खी भिंत धडाडधूम करत खड्ड्यात कोसळली! पंखा छताच्या तुकड्यासकट खाली आला. जिथे आया बसल्या होत्या, नेमका तिथेच.

धूळ बसायला बराच वेळ लागला.

"नवी भिंत तू बांधायची, सुजित," तात्या म्हणाले. "आन पाया किती खोल घालायचा, ते या पोरांना इचारून."

सुजितने मान खाली घातली. "विचारतो, तात्या."

मग तात्या मुलांकडे वळले.

"पोरांनो, तुमी सांगत होतात तवा मी ऐकलं नाय. लय हुशार हाव तुमी. उद्यापासून मला पण बसवा पहिलीत!"

"चालेल, तात्या," सोनू गंभीरपणे म्हणाला. "पण मधे बोलायचं नाही हं!"

मंडपात हशा पिकला. बातमी कळताच शलाका मॅडम मिळेल त्या रिक्षाने धावत आल्या. आधी त्यांनी पडलेल्या भिंतीकडे पाहिलेसुद्धा नाही. मुलांना जवळ घेऊन त्यांनी एकेकाला मोजले, आणि मग पुन्हा मोजले.

विनिताताईंनी बाळांची तपासणी मंडपातच पूर्ण केली. एकूण बाळे एकोणीस, जखमी शून्य.