दहा सेकंदांची शांतता

कार्तिकची आणि माझी ओळख झाली ती त्याने माझं अडीच तासांचं काम एका बटणासरशी घालवलं तेव्हा.

मे महिना होता. वर्ध्याला आमचा सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स चालला होता. सकाळी फ्रॅक्टल चित्रं, जेवणानंतर आवाजाचं एडिटिंग. फ्रॅक्टल म्हणजे एका आकाराच्या कडेवरून आत, आणखी आत जात राहायचं. कितीही आत गेलं तरी तोच आकार थोडं वेगळं रूप घेऊन पुन्हा समोर येतो. त्या दिवशी मला खूप आत एक तांबडी वेलबुट्टी सापडली होती. सात नंबरच्या कॉम्प्युटरला ती मोठी करायला लावून मी डबा खायला गेले. परत येते तर माझ्या खुर्चीत एक अनोळखी मुलगा, आणि समोरचा पडदा कोरा!

"इथलं चित्र कुठी गेलं?"

"ते? मले वाटलं मशीन अटकली. म्हून बंद केली."

"बंद केली? अडीच घंटे लागले होते त्याले!"

"मंग त्या जागेचे आकडे लिहून ठेवले असतीन ना तुमी?" त्याने अगदी भोळेपणाने विचारलं.

चित्रातल्या प्रत्येक जागेचे दोन लांबलचक आकडे असतात. ते टिपून ठेवले तरच पुन्हा तिथे पोचता येतं. सरांनी वीस वेळा बजावलं होतं आणि मी टिपले नव्हते. चूक आपली निघाली की मला जास्तच राग येतो.

"नाई ठेवले! कोनी बी येऊन माह्या खुर्चीत बसन, हे मले काय मालूम?"

तो उठला. उंच, सावळा, कपाळावर घाम. "मी शोधून देतो," म्हणाला.

"ते काय हरवलेली बकरी आहे का शोधाले?"

"बकरी त मी एका दिवसात शोधतो," तो म्हणाला, "याले चार दिवस लागतीन." आणि गालातल्या गालात हसला. मेला हसला, म्हणून तर लक्षात राहिला.

कार्तिक आमच्या बॅचला उशिराने आलेला. गाव तळेगावच्या पुढे, डोंगराकडे. घरी गोंडी बोलणारी माणसं. सेवाग्रामला त्याची आत्या रामबाई दवाखान्यात कामाला होती, तिच्याकडे राहून तो सायकलने यायचा. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत तो सात नंबरवर डोळे फोडत बसला. पाचव्या दिवशी माझ्यापुढे एक चिठ्ठी आली. मी ते आकडे टाकले. तांबडी वेलबुट्टी आली... पण ती माझी नव्हती. माझीला डावीकडे वळण होतं, हिला उजवीकडे.

तो शेजारी उभा, श्वास रोखून. "हेच होतं ना?"

"हेच," मी म्हटलं. इतकं सरळ खोटं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असेन.

मग सरांनी आवाजाच्या तासाला आमची जोडी लावली. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ते रेकॉर्डिंग स्वच्छ करायचं. लॅबमधला कूलर भयंकर घरघरायचा, म्हणून रेकॉर्डिंग आलं की शिपाई नत्थूजी तो बंद करत, आणि पंचेचाळीस डिग्रीत बारा जण घाम गाळत गप्प बसत. सरांचा नियम असा, की वाचण्याआधी दहा सेकंद कुणी काही बोलायचं नाही. त्या दहा सेकंदांत नुसती खोली रेकॉर्ड होते. तो तुकडा सॉफ्टवेअरला दाखवायचा, की बाबा, हा कचरा. मग ते अख्ख्या रेकॉर्डिंगमधून तेवढा कचरा वजा करतं. सरांना तपासता यावा म्हणून तो तुकडा वेगळ्या फाईलमध्येही ठेवायचा.

त्या दहा सेकंदांत करायला काहीच नसतं. तो माइकसमोर, मी कॉम्प्युटरसमोर, मध्ये चार हात अंतर. पहिल्या दिवशी मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शर्टाचं तुटकं बटण. आठवडाभराने आम्ही सरळ एकमेकांच्या डोळ्यांत बघू लागलो. कुणी हटकायची सोय नव्हती, बोलायलाच बंदी होती ना!

"तू इतकी काय पाह्यतं व माह्याकडे?" एकदा त्याने कूलर पुन्हा सुरू झाल्यावर हळूच विचारलं.

"सेकंद मोजून राह्यली."

"माह्या तोंडावर काटे आहेत काय घड्याळाचे?"

"मिशी त तशीच आहे. दहा वाजून दहा मिनिटं."

दुसऱ्या दिवशी तो मिशी काढून आला. मला इतकं वाईट वाटलं की मी दिवसभर त्याच्याशी बोललेच नाही.

आणि मग त्या सोमवारी सरांनी त्याला पुढे बोलावलं. नागपूरच्या एका कंपनीला शाळेचे धडे गोंडीत आणि मराठीत रेकॉर्ड करायचे होते. दोन्ही भाषा वाचणारा आणि एडिटिंगही येणारा माणूस हवा होता. नोकरी पक्क्या पगाराची. पंधरा मिनिटांचा नमुना गुरुवारी दुपारी दोनच्या आत पाठवायचा. "तुझ्याशिवाय हे कोणी करूच शकत नाही," सर म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नागपूर काही सातासमुद्रापार नाही, पण तिथे गेलेला माणूस आपल्याकडे का बघेल? आणि आंजीला माझ्या घरी कुणाला काय सांगायचं, की कोण गेलाय म्हणून मी जेवत नाहीये?

बुधवारी त्याचं रेकॉर्डिंग झालं. नत्थूजींनी कूलर बंद केला. दहा सेकंद सुरू झाले आणि मी वर पाहिलंच नाही. वहीत रेघोट्या ओढत बसले. डोळे भरले होते, ते त्याला दिसायला नको होते.

गुरुवारी सकाळी सरांनी ती फाईल स्वच्छ करायला मला दिली. रात्रभर झोप नव्हती. माझ्या हेडफोनचा एक कान बंद, डोक्यावर कूलरची घरघर. पहिले दहा सेकंद निवडले. पडद्यावर आवाजाच्या रेषेत मध्येच बारीकसा उंचवटा दिसला. बाहेरून गाडी गेली असेल, म्हणून सोडून दिलं. तो तुकडा वेगळा ठेवला, कचरा म्हणून दाखवला, सगळ्या रेकॉर्डिंगमधून वजा केला, त्याच नावाने सेव्ह केलं आणि प्रोग्रॅम बंद केला. मूळ फाईलची नक्कल ठेवायची असते. ती मी ठेवली नाही.

पाऊण वाजता सरांनी ऐकायला लावलं. कार्तिकचा तो गोड, जाड आवाज गेला कुठे? रिकाम्या टाकीत तोंड घालून कुणी बोलावं तसं काहीतरी ऐकू येत होतं. शब्द अर्धे खाल्लेले. गोंडी तर अजिबात कळत नव्हती.

"मूळ फाईल कुठे आहे?" सरांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

कार्तिक उठून बाहेर जिन्यात गेला. मी मागोमाग गेले.

"कार्तिक, मी..."

"तू मुद्दाम केलं काय?"

"काऊन करीन मी मुद्दाम?"

"तूच सांग. सोमवारपासून तू माह्याशी धड बोलून नाई राह्यली. काल त पाह्यलं बी नाई माह्याकडे. मी जाऊ नये, असंच वाटते ना तुले?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडून ते निघेना. कारण ती फाईल बिघडलेली ऐकली तेव्हा, सगळी लाज वाटायच्या आधी, एक क्षण मला बरं वाटलं होतं. एकच क्षण! पण वाटलं होतं.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग पायरीवर बसला आणि त्याने मान फिरवली.

मी आत आले. एक वाजून गेला होता. पुन्हा रेकॉर्डिंग करायला वेळ होता, पण तो तयार होईल कशाला? आणि मी चुकले तरी कुठे? हीच पद्धत मी तीस वेळा केली होती, आवाज कधी गेला नव्हता. सरांचा चांगला हेडफोन मागून घेतला आणि तो वेगळा ठेवलेला दहा सेकंदांचा तुकडा उघडला. आवाज पूर्ण मोठा केला.

खोलीची सूं सूं. कुणाची तरी खुर्ची करकरली. आणि सहाव्या सेकंदाला, अगदी माइकला ओठ लावून, नुसत्या श्वासात...

"आकांक्षा... पाह्य ना इकडे."

मी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. कानाच्या पाळ्या तापल्या. शांततेत त्याचाच आवाज होता, आणि मी सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की हा कचरा आहे, सगळीकडून काढून टाक. त्या बिचाऱ्याने सांगितलं तसं केलं.

मी दारात जाऊन हाक मारली. "कार्तिक! इकडे ये पयले."

"काय आहे आता?"

"ये म्हटलं ना!"

तो आला. मी हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला आणि बटण दाबलं. सहाव्या सेकंदाला त्याचे डोळे मोठे झाले. सावळा माणूसही लाल होतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"हे... हे माइकमधी आलं?"

"माइक आहे तो. कोनाचं नाव येऊ द्याचं अन् कोनाचं नाई, हे त्याले काय समजते?"

"मी... लय हळू बोललो होतो."

"आयकू नाई आलं मले. आलं असतं त पाह्यलं असतं." आता थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते. "अन् आयक. मी मुद्दाम नाई केलं. पन फाईल बिघडली तवा मले एक मिनिट बरं वाटलं. तू जाशीन म्हून मी चार दिवसांपासून जेवली नाई धड. आता म्हन काय म्हनाचं ते."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग माइकची खुर्ची ओढली आणि म्हणाला, "नत्थूजी, कूलर बंद करा."

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सर आले, बाकीचे गुपचूप येऊन बसले. दहा सेकंद सुरू झाले. या वेळी मी वर पाहिलं आणि पूर्ण दहा सेकंद खाली पाहिलं नाही. मग त्याने वाचलं, आधी गोंडीत, मग मराठीत. घाम त्याच्या हनुवटीवरून कागदावर पडत होता, पण आवाज एकदाही अडखळला नाही. दीड वाजायला थोडाच वेळ होता. मी सगळ्यात आधी मूळ फाईलची नक्कल काढली. दोनदा काढली. मग साफ केलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासलं. एक बावन्नला फाईल तयार झाली.

कंपनीच्या वेबसाइटवर ती चढायला लागली. चाळीस टक्के... पंचावन्न... तिथेच अडकली. सर मोबाईलचं नेट लावायला धावले. शहात्तर... शंभर. एक सत्तावन्न. आता फक्त ‘पाठवा’ दाबायचं होतं.

कार्तिकचा हात माउसवर थांबला.

"आकांक्षा," तो हळूच म्हणाला, "तू म्हनशीन त नाई पाठवत."

काय सांगू, मला इतका राग आला! एवढ्या उकाड्यात बारा माणसं कूलर बंद करून बसली, माझा जीव अर्धा झाला, आणि हा निर्णय माझ्या डोक्यावर टाकतो? मी त्याच्या हाताखालून माउस ओढला आणि स्वतः बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, ‘मिळाले’. मागे कुणीतरी शिट्टी मारली. नत्थूजींनी कूलर लावला. सर गडबडीने फोन करायला बाहेर गेले.

त्या घरघरीत आमचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नव्हतं. पण आमच्या महादेवरावांचा, म्हणजे माझ्या बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्यांना पोरगा कुठला, घरी बोलतात काय, शेती किती, सगळं विचारायचं असेल. सोपं नव्हतं ते. पण न बोलता त्याला जाऊ देणं त्याहून कठीण होतं.

"नोकरी लागली का पयल्या रईवारी आंजीले येजो," मी पडद्याकडे बघत म्हटलं.

"कायले?"

"बाबाशी बोलाले. आनखी कायले?"

त्याने हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली.

"अन्... नोकरी नाई लागली त?"

मी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"तरी येजो," मी म्हटलं. "मंग बाबाशी मी बोलीन."