ताईचा वाटा

दर मंगळवारी सकाळी नऊ वाजता पेशींचं पोषकद्रव बदलायचं, हा धाकटीचा अकरा वर्षांचा नेम होता. हातमोजे चढवायचे, डिशमधलं जुनं गुलाबी द्रव अलगद ओढून घ्यायचं, नवं कडेकडेनं सोडायचं. घाई केली तर पेशी तळापासून सुटतात. तिच्या हातून त्या कधी सुटल्या नव्हत्या. घरातलं शेंडेफळ म्हणून पडलेलं 'धाकटी' हे नाव पन्नाशी आली तरी तिला चिकटून होतं. प्रयोगशाळेत अर्थात ते कुणाला ठाऊक नव्हतं.

इन्क्युबेटरच्या मधल्या फळीवर दोन डिश शेजारी शेजारी असत. डावीकडची ताईची, उजवीकडची तिची स्वतःची.

ताई सोळाव्या वर्षी गेली, डोळे हळदीसारखे पिवळे होऊन. यकृतात तयार होणारं एक प्रथिन तिच्या शरीरात चुकीच्या घडीचं निघायचं आणि पेशीबाहेर न पडता आतच दाण्यादाण्यांनी साचायचं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी जनुकाची दोन्ही सदोष रूपं तिच्या वाट्याला आली होती. धाकटीची दोन्ही चांगली निघाली. तपासणीसाठी सुईनं काढलेला ताईच्या यकृताचा कण रुग्णालयाच्या शीतपेटीत राहून गेला होता. अर्जांवर अर्ज करून धाकटीनं तो मिळवला. इतक्या वर्षांनी त्यातून पेशी वाढतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. वाढल्या. तुलनेला निरोगी पेशी हव्या होत्या, तेव्हा धाकटीचं पित्ताशय काढताना सर्जननं तिच्याच यकृताचा तुकडा दिला.

तपासायचं होतं ते एका झुडपाच्या पानातलं कडू द्रव्य. झुडूप तिनंच निवडलं होतं. का, ते मात्र तिनं प्रस्तावात लिहिलं नव्हतं.

लहानपणी त्यांच्या वसाहतीत पाण्याच्या टाकीमागे ते झुडूप होतं. आई रोज दुपारी त्याची पानं उकळून ताईला पेलाभर काढा द्यायची. पेला ठेवून आई पातेलं घासायला वळली, की ताई तो टेबलाखालून धाकटीकडे सरकवायची.

"पी गं. तू काय, दगडही पचवशील."

"मला काय देशील?"

"माझी सायकल. मोठी झालीस की."

धाकटी एका दमात पेला रिकामा करायची. मग दोघी तोंड दाबून हसायच्या. ताईचं हसू नाकातून शिटीसारखं निसटायचं, आणि आई मागे न वळताच म्हणायची, "औषध पिताना खिदळतं का कुणी?" खिडकीतून टाकीवरच्या पाण्याची तिरीप भिंतीवर हलत असायची. त्या दुपारींइतकं सुख धाकटीला पुढे कशातच सापडलं नाही. दोन वर्षं चाललं ते. नंतर सायकल खरोखरच तिची झाली. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "पानांचा गुणच आला नाही बिचारीला."

म्हणूनच, सगळी प्रयोगशाळा त्या पानाच्या यशाकडे डोळे लावून बसली असताना, धाकटीला एवढंच हवं होतं, की ते पान निव्वळ पालापाचोळा निघावं.

कुठल्या नमुन्यात काय किती आहे ते मोजणाऱ्या सहकाऱ्याला सगळे तराजू म्हणत. पहिल्या डोसनंतर दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आला.

"मॅडम, डाव्या डिशमध्ये औषधाचा मागमूस नाही. घालायला विसरलात की काय?"

"मी विसरत नाही."

आवाज नको तितका चढला. चोराच्या मनात चांदणं.

"तसं नाही हो. पण उजवीत आहे. पूर्ण."

उजवीत तिनं नुसतं पोषकद्रव घातलं होतं.

"लेबलं उलटी लागली असतील," ती म्हणाली.

बुधवारी लेबलं तराजूनं लावली. डोस त्याच्यादेखत घातला, दोन्ही झाकणांना चिकटपट्टी लावली. गुरुवारी आकडा तोच. मग ताईची डिश व्हरांड्यापलीकडच्या खोलीतल्या इन्क्युबेटरमध्ये गेली. किल्ली तराजूच्या खिशात.

शुक्रवारी त्यानं कागद टेबलावर ठेवला. "माझं यंत्र खोटं बोलत नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं." त्या दिवशी त्यानं एकही विनोद केला नाही.

शनिवारी तो कोट खुर्चीवर टाकून चहाला गेल्यावर धाकटीनं त्याच्या खिशातून किल्ली घेतली आणि पलीकडच्या इन्क्युबेटरचं दार उघडलं. आतली ऊबदार, ओलसर हवा तोंडावर आली.

"ताई, पुरे झालं," ती म्हणाली. "आता तुझं तू पी." आणि तिनं नवा डोस घातला.

सोमवारी ताईच्या डिशमध्ये डोस होता. तिच्या स्वतःच्या डिशमध्ये शून्य.

गुरुवारपर्यंत ताईच्या पेशींतला दाणान् दाणा विरघळला. विभागप्रमुखांनी सगळ्यांना बोलावून सूक्ष्मदर्शकात दाखवलं. टाळ्या झाल्या. धाकटी जिन्यात जाऊन बसली. तो पेला कुणाचा होता, ते आता तिला कळलं होतं.

पुढच्या मंगळवारी तराजूनं तिला हाक मारली. "मॅडम, तुमच्या पेशी निरोगी ना?"

"हो."

"मग हे काय?"

तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ताईच्या पेशींत असायचे तेच दाणे. चाळिसापर्यंत मोजून तिनं मोजणं सोडलं.

जनुकतपासणी पुन्हा केली. दोन्ही रूपं चांगली.

"तुमच्या डिशलाही डोस देऊन बघू," तराजू म्हणाला. "बघायला काय जातंय?"

तिला ताईचा पेला आठवला. पण हात थांबला नाही. जगावंसं तिलाही वाटत होतं. एक डोस ताईला, एक स्वतःला.

दुसऱ्या दिवशी तराजू दारातच उभा राहिला.

"तुमच्या डिशमध्ये शून्य."

"आणि तिच्यात?"

त्यानं कागदाकडे पाहिलं, जणू आकडा बदलला असेल.

"दुप्पट."

धाकटीनं मान हलवली. वही ओढून लिहिलं: यापुढे दोन्ही डोस डाव्या डिशमध्येच. खाली सही केली आणि वही त्याच्याकडे सरकवली.

त्यानं ती घेतली नाही. तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता. मग खिडकीपाशी गेला आणि बाहेरचा उजेड पांढराच आहे ना, हे बघायला त्यानं पडदा पूर्ण बाजूला सारला.