अर्ध्या दिवसाची सांगली

सन एकोणीसशे सेहेचाळीस. लढाई संपून सहा महिने झाले होते, रॉकेलच्या रांगा मात्र संपल्या नव्हत्या. सांगलीत नव्या हळदीच्या गाड्या यायला लागल्या होत्या. माघातल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता बाळासो मुकादमाच्या दारात टांगा येऊन उभा राहिला आणि तानूचं डोकं फिरलं.

तानू ही बाळासोची भाची. आई गेल्यावर मामानं तिला कराडहून सांगलीला आणली, सातवीच्या फायनलपर्यंत शिकवली. आता ती अठराची होती. मुलींच्या शाळेत मास्तरणीची एक जागा निघाली होती आणि अर्ज द्यायचा तो शेवटचा दिवस होता. शनिवारची शाळा सकाळची. साडेअकराला मोठ्या बाई कपाटाला कुलूप घालून घरी जायच्या. तानूनं तीनदा खाडाखोड करून लिहिलेला अर्ज पिशवीत घडी घालून ठेवला होता. ती जागा मिळाली नाही, तर येत्या वैशाखात मामा कुणाच्या तरी गळ्यात बांधणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"विट्याकडचं पाव्हणं हाय," मामा म्हणाला. "माझ्या केरबा दोस्ताचा पोरगा, नाथाजी. पलटणीत असतो. त्याला सांगली बघायचीय, अर्धा दिस. तू शिकल्याली, तू दाखव. मामी येती संगं."

"मामा, मला आज शाळेत जायचंय."

"शाळा कुठं पळून जाती? पाव्हणा दुपारच्या मोटारीनं जाणार."

मामा हरिपूरला हळद साठवायच्या पेवांवर मुकादम होता. साठ-सत्तर हमालांना हाका मारायची सवय. ऐकून घ्यायची सवय त्याला नव्हती. तो कामावर निघून गेला.

तानू बाहेर आली ती खाली मान घालून, पण लाजेनं नव्हे. तिला आधी दिसले ते बूट. इतके चकचकीत की टांग्याचं चाक त्यात दिसत होतं. मग खाकी सदरा. मग उन्हानं रापलेला, हसू की नको अशा बेतात असलेला चेहरा.

"रामराम," तो म्हणाला.

"बसा लवकर," तानू म्हणाली.

टांगेवाल्या धुळानं मागं वळून पाहिलं आणि घोड्याला म्हणाला, "चल रं गड्या. आज आपलं काय खरं न्हाई."

तानूनं मनाशी हिशेब केला होता. गणपती, पेठ, पूल, घाट. दोन तासांत सांगली उरकायची, पाहुण्याला घरी टाकायचं आणि शाळा गाठायची.

"हा गणपती," देवळात ती म्हणाली. "झाला नमस्कार? चला."

"जरा थांबा की. खांब बघतो."

"खांब सगळीकडं सारखेच असतात."

"न्हाई वो. रोममधी लय जाड हुते."

"रोम पाहिलंत?"

"रोम बघितलं, नेपल्स बघितलं, कैरो बी बघितलं. सांगली अठरा कोसावर, ती तेवढी राहिली." तो खांबावरून हात फिरवत होता, सावकाश… जणू घरचा बैल कुरवाळतोय. मग त्यानं खिशातून एक मळका कागद काढला, पेन्सिलीनं त्यावर खूण केली आणि पुन्हा खिशात ठेवला.

तेवढ्यात मामी म्हणाली, "तानू, त्या पाटीवर काय लिवलंय गं? जरा मोठ्यांदा वाच."

धोंडुबाई मामीनं आजवर कुठली पाटी वाचायला सांगितली नव्हती. तानूनं रागारागानं वाचली, 'चपला बाहेर काढाव्या', आणि स्वतःच्या चपला पायात सरकवून टांग्याकडं निघाली.

गणपती पेठेत गुळाच्या ढेपा, हळदीची पोती, गाड्या, बैल, शिव्या, सगळं एकात एक मिसळलं होतं. मामी म्हणाली, "टांगा हितंच ऱ्हाऊ दे. तू फुडं चाल, सरळ चाल, आमी मागनं येतो." तानू सरळच चालली. पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल बोळातून अचानक बाहेर पडला, आणि ते पोतं तिच्या खांद्यावर यायच्या आत मागून एक हात आला. हातानं पोतं थोपवलं. तिला स्पर्शसुद्धा केला नाही. हळदीची पिवळी धूळ मात्र दोघांवर उडाली.

"लागलं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही रेंगाळला नसता तर इथं गर्दी व्हायच्या आत आपण पुढं गेलो असतो."

"व्हय. चुकलंच."

तो भांडत नव्हता, याचाच तिला जास्त राग येत होता. त्याच्या भुवईवर हळद बसली होती. ती सांगावी की नाही, असं क्षणभर तिच्या मनात आलं… तिनं सांगितली नाही.

आयर्विन पुलावर त्यानं टांगा थांबवला, खाली उतरून कठड्यावरून वाकून एकेक कमान मोजली, आणि परत येऊन म्हणाला, "बरुबर हाय."

"काय बरोबर आहे? पूल पडला नाही ते?"

"न्हाई, मोजणी."

"तुम्हाला काय सरकारनं कमानी मोजायला पाठवलंय? मला साडेअकराच्या आत एके ठिकाणी पोचायचंय."

"मग सकाळीच सांगायचं की वो तानुबाई."

"विचारलं कुणी?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. "कुणी न्हाई इचारलं," तो हळूच म्हणाला, "खरं हाय."

कृष्णेच्या घाटावर पोचले तेव्हा साडेदहा होत आले होते. मामी पायरीवर टेकली, कनवटीची पिशवी सोडली आणि त्यातून सुई आणि दोऱ्याची गुंडी काढली. "चोळीचा टाका उसावलाय गं. माझं डोळं गेलं. दोरा ओव जरा."

तानूचा हात पुढं गेला आणि तिथंच थांबला.

सुई. गेल्या वर्षी तासगावचे लोक तिला बघायला आले, तेव्हा पाटावर बसवून सुईत दोरा ओवायला लावलं होतं, डोळ्यानं अधू नाही ना ते बघायला. त्याआधी वाचायला लावलं होतं, मुकी नाही ना म्हणून. आणि चालायला लावलं होतं, लंगडत नाही ना म्हणून. वाचून झालं होतं… सरळ चालून झालं होतं. आता सुई.

"द्या हिकडं, मी ओवतो," नाथाजी म्हणाला. "पलटणीत बटनं आमचीच आमाला लावाय लागत्यात." त्यानं सुई घेतली, दोरा ओठात ओला केला आणि एका दमात ओवला.

तानूनं ती सुई त्याच्या हातातून घेतली आणि दोऱ्यासकट कृष्णेत फेकली.

"दिसतं मला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून धुळासुद्धा सावध झाला. "वाचता येतं, चालता येतं, आणि माणूस लबाड आहे हेही ओळखता येतं. मुलगी बघायला आलात तर तसं सांगून यायचं. सांगली बघायचं सोंग कशाला? बाजारात बैल बघतात तोसुद्धा मालकाला सांगून."

नाथाजी उभा राहिला. रापलेल्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि मग परत चढला, चांगला लाल.

"मामी," तो म्हणाला, "ह्या काय म्हणत्यात?"

मामीनं पदर तोंडाला लावला. "आवं, त्यात काय एवढं… केरबा भावजींनीच सांगितलं. पोराला सांगू नगा म्हणले, न्हाईतर यायचा न्हाई. पोरगी बी सरळ सांगून पाटावर बसत न्हाई. म्हणून ह्यांनी काढली ही युगत."

"म्हंजे मला बी फसवलं." त्यानं डोक्यावरची टोपी काढून पायरीवर आपटली. "बानं मला सांगितलं, तुला सांगली बघायचीय न्हवं, बाळासोकडं सोय लावतो. मी म्हणलं, एकदा तरी बा माझं ऐकतोय. पाच वरसं गोळ्या खाऊन आलो, आन् हितं येऊन बाजारातला बैल झालो."

दोघं एकाच वेळी चिडलेली, आणि चिडायला समोर कोणी नाही. मामी तेवढी होती. ती नदीकडं बघून हात जोडत होती.

"मग खरंच सांगली बघायला आला होतात?" तानूनं विचारलं. रागच होता, पण त्याला आता धरायला जागा सापडत नव्हती.

त्यानं तो मळका कागद तिच्यापुढं धरला. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: गणपतीचे खांब. पेठेतला वास. पुलाच्या कमानी. घाट. हरिपूरची पेवं.

"अर्जुना म्हणून हुता माझ्या तुकडीत. हरिपूरचा. पेवावर हमाली करायचा. रोज एकच बोलणं. रोम काय घेऊन बसलास, अर्ध्या दिसात तुला सांगली दावतो, रोम इसरशील." त्यानं कागदाची घडी घातली. "इटलीत नदीकाठी गेला तो. घरी त्याच्या कोण न्हाई. म्हणून म्हणलं, त्यानं सांगितली तशी बघावी तरी."

घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.  खांब सगळीकडं सारखेच असतात… असं आपण त्याला तोडून बोललो होतो, ते तानूला आठवलं आणि कानशिलं तापली.

"तुमचं साडेअकराचं काय हुतं?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. शाळा, जागा, शेवटचा दिवस, कुलूप. मामीनं मध्ये तोंड घातलं, "शाळंचं काय एवढं, पाव्हण्यास्नी हरिपूर—"

"धुळा," नाथाजी म्हणाला, "टांगा शाळेकडं घे."

वाटेत दोघांत वाद झाला तो नकार कुणी द्यायचा याचा.

"मी दिला तर मामा मानणार नाही," तानू म्हणाली. "तुम्ही द्या. पसंत नाही म्हणून सांगा."

"आन् गावभर तुमच्यावर बोट?"

"आधीच तीन लोक येऊन गेलेत. चौथं बोट काय जड होतंय. वचन द्या."

"दिलं," तो म्हणाला. मग घोड्याच्या कानांकडं बघत पुटपुटला, "लय दांडगं वचन घेतलंत."

अकरा-वीसला मोठ्या बाईंनी अर्ज हातात घेतला, चष्मा नाकावर ढकलला आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे. सोमवारी वर्गावर या, शिकवून दाखवा." तानू बाहेर आली तेव्हा नाथाजी फाटकापाशी उन्हात उभा होता, पहाऱ्यावर असल्यासारखा.

"झालं?"

"झालं. आता हरिपूर."

"मोटार एकची हाय. न्हाई जमायचं."

"जमवायचं. धुळा, हाण."

नदीकाठच्या झाडीतून टांगा हरिपूरला पळाला. तिथं जमिनीच्या पोटात पेवं होती, तोंड विहिरीहून अरुंद, आत पंचवीस हात खोल. त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपायचं; वर्ष-दोन वर्षं कीड लागत नाही. मामा सावलीला उभा राहून एका पेवाचं तोंड फोडून घेत होता. टांगा पाहून तो हसला. सगळं मनासारखं झालं असं त्याला वाटलं.

नाथाजीचं लक्ष मामाकडं नव्हतं. पेवाचं तोंड नुकतंच मोकळं झालं होतं. त्याच्या गावी धान्य कणगीत ठेवत. पेव तो जन्मात पहिल्यांदा बघत होता. "अर्जुना म्हणायचा, आत उन्हाळ्यात बी देवळासारखं गार लागतंय," तो म्हणाला. बोलता बोलता त्यानं कडेला बसून पाय आत सोडले. खंदकात उडी टाकायची सवय असलेला माणूस. कडेच्या खुंटीला बांधलेला हमालांचा दोर धरून तो अंग सोडणार—

तानूनं मागून त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि त्याला असा ओढला की दोघंही मातीत पडली.

"मरायचंय का?" आता मात्र तिचा आवाज नदीपलीकडं गेला असेल. "एवढी लढाई मारून आलात ते हळदीत मरायला? कुणाला विचारलंत? पेव उघडल्यावर तोंड आठ-आठ तास मोकळं ठेवतात. आत विषारी हवा असते. एवढंसुद्धा सांगितलं नाही तुमच्या अर्जुनानं?"

एका हमालानं दोरीला कंदील बांधून आत सोडला. दहा हातांवर ज्योत निळी झाली, लवली आणि विझली.

नाथाजी विझलेल्या कंदिलाकडं बघत राहिला. मग तिच्याकडं. तिच्या मुठी अजून त्याच्या सदऱ्यात होत्या. हमाल बघत होते, मामा बघत होता, मामी बोटांच्या फटीतून बघत होती.

"सोडा," तो हळू म्हणाला. "आता न्हाई जात."

तिनं झटक्यानं हात काढले.

मामा पुढं आला. एवढं सगळं डोळ्यांदेखत झाल्यावर विचारायचंही काही उरलं नाही अशा थाटात म्हणाला, "मग नाथाजीराव, पोरगी पसंत हाय न्हवं?"

नाथाजीनं कपड्यांवरची माती झटकली. सावधान उभा राहिला.

"न्हाई," तो म्हणाला.

 मामानं तोंड उघडायच्या आधी तानूच फिरली.

"का नाही?"

"तुमीच वचन घेतलंत."

"ते टांग्यात घेतलं होतं."

"मग आता टांग्यातनं उतरल्यावर काय करू?"

"ते मी सांगायचं? साधी सुई ओवता येते, कमानी मोजता येतात, आणि एवढं—" तिनं पाठ फिरवली. 

नाथाजी मामाकडं वळला. "मामा, पसंत न्हाई म्हणलो ते वचनापायी. आता माझं ऐका. ह्यांना शाळा शिकवायचीय. माझी पलटणीत आणखी दोन वरसं हायत. दोन वरसांनी मी परत येतो. चोरून न्हाई. दारात उभा ऱ्हाऊन सांगीन, बघायला आलोय म्हणून. तवा तुमी न्हाई, बा न्हाई, ह्या सांगतील व्हय का न्हाई. आन् बघायचं झालं तर मला बघायचं. चालवा, वाचाय लावा." तो तानूकडं वळला. "चालंल?"

तानूनं पदर सारखा केला. 

"तुमच्या भुवईवर हळद आहे," ती म्हणाली. "सकाळपासून आहे."

त्यानं हात वर नेला, आणि पुसली नाही.

त्याची एकची मोटार चुकली. तो संध्याकाळच्या मोटारीनं गेला.

तानूला जागा मिळाली. बाळासो मामा दोन महिने तिच्याशी बोलला नाही, पण तिचा पहिला पगार झाला तेव्हा पेढे त्यानंच वाटले. पंचावन्न साली तो गेला. मामी पुढं पुष्कळ जगली आणि 'ह्यांचं लगीन मी जमवलं' असं सगळ्यांना सांगत राहिली. धुळानं टांगा विकून चहाची टपरी घातली. हरिपूरच्या पेवांत पुढं पुराचं पाणी शिरलं आणि बरीचशी गेली.

नाथाजी अठ्ठेचाळीसच्या चैत्रात आला, दारात उभा राहिला, आणि सांगून आत गेला. तानूनं त्याला वाचायला लावलं. तो अडखळला, तरी पास केला. लग्नानंतर ती विट्याकडच्या शाळेत गेली आणि एकतीस वर्षं शिकवून रिटायर झाली. तिच्या शाळेतल्या कुठल्याही मुलीला बघायला लोक आले की बाई आधी मुलीला विचारायच्या, मग चहा ठेवायच्या.

दोघं जन्मभर भांडली. शहाऐंशी साली, श्रावणात, दुपारच्या झोपेतच नाथाजी गेला. चहा टाकून तिनं हाक मारली, तेव्हा कळलं.

तानुबाई आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. बाकी सगळे राग कधीच विरले. तो न विचारता गेला, एवढा एक राग मात्र त्यांनी अजून सोडलेला नाही.