पस्तीस भाग तांबं

इंदापूरहून बारामतीला निघालेली सर्व्हिस मोटर खड्ड्यात आदळली आणि समोरच्या बाकावरच्या तरुणाच्या मांडीवरची पेटी पालथी झाली. बारीक बारीक पितळी वजनं मोटरभर घरंगळली.

"हात लावू नका! कुणीच हात लावू नका!" तो ओरडला.

लोक हसले. विजयमाला मात्र हसली नाही. तिनं पिशवीतून चिमटा काढला आणि ओणवं होऊन एकेक वजन उचलून पेटीत ठेवलं. सगळ्यात हलकं, माशाच्या खवल्याएवढं वजन तिच्याच निऱ्यांत अडकलं होतं. तेही तिनं चिमट्यानंच काढलं.

"बोटं लावायची नसतात, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"घाम लागला की वजन वाढतं. सोनाराच्या घरची हाय मी."

त्यानं आता कुठं वर पाहिलं... आणि पाहतच राहिला.

"मीसुद्धा सोनाराकडेच निघालोय. बारामतीचे आबाजी सोनार—"

"मग आमच्याच दारात उतरा की!" असं म्हणून ती एवढी लाजली, की शेजारी बसलेल्या शकुबाई आत्यानं तिला कोपरानं ढोसलं.

त्याचं नाव जोतीराम. पुण्याच्या एका कॉलेजात तो रसायनशास्त्राचं काम करायचा. १९३६ सालचा तो भाद्रपद. इंदापूरजवळ विहीर खणताना चांदीच्या नाण्यांनी भरलेलं गाडगं निघालं होतं. नाणी क्षत्रपांच्या काळातली, दीड हजार वर्षांहून जुनी. त्यांत चांदी किती आणि तांबं किती, एवढंच त्याला शोधायचं होतं. आणि तेही नाणी न वितळवता.

तो आबाजींच्या ओट्यावर तराजू मांडून बसे. नाणं आधी कोरडं तोली, मग रेशमाच्या धाग्यानं पाण्यात सोडून पुन्हा तोली. आबाजी तेच नाणं कसोटीवर घासत आणि दगड लेकीपुढं धरून विचारत, "उजेड कसा हाय गं?"

"लख्ख हाय, आबा."

तिसऱ्या दिवशी आभाळ गच्च भरून आलं होतं, तरी ती "लख्ख हाय" म्हणाली. जोतीराम चमकला. आबाजींना कस दिसतच नव्हता. चांदीची पारख लेकच करत होती; 'उजेड' ही बापलेकीची खूण होती.

तो कुणाला काही बोलला नाही. फक्त आबाजी जेवायला आत गेल्यावर म्हणाला, "तुमचा उजेड चुकतोय. पाण्यातलं वजन सांगतंय, शंभरात पस्तीस भाग तांबं."

तिचा चेहरा उतरला. गुपित कळल्याचं तिनं ओळखलं. मग हनुवटी वर करून म्हणाली, "माजा कस चुकत न्हाय. तुमचंच पाणी खोटं."

"पाणी तुमच्याच आडाचं!"

हसू दाबत तिनं कानस घेतली. नाण्याची कड जरा घासली आणि आतला धातू दगडावर ओढला. कस तांबूस उमटला. दोघंही वाकून बघत होते. तिच्या केसांतल्या अबोलीचा स्पर्श त्याच्या कपाळाला झाला, तरी दोघं हलले नाहीत.

"समजलं," ती हळूच म्हणाली. "हलकी चांदी चिंचेच्या पाण्यात उकळली की वरचं तांबं जातं, नुसती चांदी उरते. हितं मातीनंच ते तांबं खाल्लंय. वर चोख, आत भेसळ."

"म्हणजे दोघंही खरे," तो म्हणाला. "माझ्याबरोबर... पुण्याला याल?"

तिनं कानस खाली ठेवली. "आबांचं डोळं घिऊन कुठं जाऊ? त्यांना दिसत न्हाय हे बाजारात कळलं, तर दुकानात कोन येईल?"

दुसऱ्या दिवशी तो गेला.

मग पत्रं येऊ लागली. नाव आबाजींचं, मजकूर नाण्यांचा. वाचून दाखवायची मात्र तिनंच. अन् प्रत्येक पत्राच्या शेवटी दोनच ओळी निराळ्या. 'आज बारामतीची गाडी कधी सुटते, ते उगाचच विचारून आलो.' 'इथं अबोली मिळत नाही.' तिथं आली की ती थांबायची, घसा खाकरायची अन् कागद मिटायची. दिवाळी गेली, संक्रांतही गेली. ओळींवरून बोट फिरवून फिरवून शाई फिकी झाली होती.

फाल्गुनात एक पत्र वाचून तिनं कागद मिटला, तशी आबाजी म्हणाले, "शेवटचं दरवक्ती गाळतीस, ते वाच की आज."

"काय न्हाय, आबा..."

"डोळं गेलं माजं. कान हायेत. तुजा आवाज कुठं अडतो, ते ऐकू येतं मला."

कागद पुन्हा उलगडून तिनं वाचलं, "बारामतीच्या इंग्रजी शाळेत शास्त्र शिकवायला माणूस हवा आहे. दुकान सोडावं लागणार नाही, आबाही सोडावे लागणार नाहीत. तुम्ही 'या' म्हणालात, तरच अर्ज करीन."

आबाजींनी चाचपडत दौत तिच्याकडं सरकवली आणि काठी टेकत आत निघून गेले.

विजयमालानं लिहिलं, 'या.' थोडं थांबून पुढं लिहिलं, 'मोटरचा भोंगा वाजला की मी दारात येते. कुणी विचारलं, तर चिमण्या हाकलत होते म्हणून सांगते.'