चार नंबरची खिडकी

"पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. समोरचा कितीही गोड बोलला तरी!"

मुख्याध्यापिकाबाईंचं ते बजावणं तिच्या कानात अजून घुमत होतं. बाई निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, आवाज मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हता. नगर कार्यालयासमोरच्या कापडी मांडवात सत्तर-ऐंशी माणसं बसली होती, आणि पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्यांना ठणकावलं होतं, "आरडाओरडा नको, दगडफेक नको. रोज यायचं, रोज लिहून मागायचं. व्रताचा नेम पाळल्यासारखं. नेमापुढे भलेभले थकतात."

मागणी साधी होती. सरकारी दवाखान्याच्या नव्या इमारतीचं छत तीन वर्षांतच कोसळलं होतं, तेही लहान मुलांच्या वॉर्डात. मुलं वाचली, कारण एक नर्स त्यांच्यावर आडवी पडली. ती नर्स म्हणजे हिची ताई. ताईचा खांदा तीन ठिकाणी मोडला. आणि ज्यानं ते छत बांधलं होतं, मुख्य अभियंत्याच्या त्याच मेहुण्याला आता दुसऱ्या इमारतीचं कंत्राट द्यायचं घाटत होतं. छताच्या तपासणीचा अहवाल कुठे आहे, हे मात्र कुणी सांगेना.

ती चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची, म्हणून मांडवात सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. दुकान अकराला उघडायचं. त्याआधी, रोज साडेदहाला, एक अर्ज द्यायचा... हे काम तिच्याकडे आलं.

चार नंबरची खिडकी. आवक विभाग. आत बसलेल्या तरुण कारकुनानं तिचा अर्ज घेतला, हात लांब केला, मान मागे नेली आणि डोळे बारीक केले.

तिला राहवलं नाही. "वाचता येत नाही का?"

"येतं की. कागद जरा लांब असला की छान येतं."

"मग मी रस्त्यापलीकडे जाऊन धरू?"

त्यानं कागदावरून वर पाहिलं. ओठ घट्ट मिटले होते, पण डोळ्यांत हसू मावत नव्हतं. "धरा ना. पण मग पोच द्यायला मला तिकडे यावं लागेल."

ठप्प! शिक्का अर्जावर बसला. पोचेची चिठ्ठी खिडकीच्या फटीतून बाहेर सरकली. चिठ्ठीवर क्रमांक होता, त्याची सही होती. शाईचा थंड, ओलसर वास तिच्या बोटांना दिवसभर येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती आली. तिसऱ्या दिवशीही. उत्तर ठरलेलं असे, "वरून काही आलेलं नाही." पण ते सांगताना तो दर वेळी थोडा जास्त ओशाळायचा.

"तुम्ही लिहून द्या तसं," ती म्हणायची.

"काय लिहू? वर सगळे झोपलेत असं?"

"खरं असेल तर लिहा."

"खरं लिहायचं असेल तर आधी दिसायला हवं हो मला!"

"म्हणूनच सांगते, दुकानात या. नजर तपासून देते. दहा मिनिटांचं काम."

"आणि चष्मा लागला तर? आधीच लग्न जमत नाहीये..." तो म्हणाला, आणि शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट बाई खुदकन हसली. "अगं, याला तू रोज साडेदहाला बरोबर दिसतेस. बाकी फायली तेवढ्या दिसत नाहीत!"

ती वळली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. दुकानात पोहोचल्यावर एका आजोबांना तिनं दोनदा तेच भिंग लावून विचारलं, "आता बरं की आधी बरं?" आजोबा म्हणाले, "पोरी, मला दोन्ही सारखंच. तुझं काय ते बघ."

महिना गेला. दीड महिना झाला. मांडवातली माणसं घटली नाहीत, उलट वाढली. रिक्षावाले आले, दवाखान्यातल्या आया आल्या, कॉलेजची मुलं आली. शेवटी कार्यालयाला नव्या कंत्राटावर लोकांच्या हरकती मागवाव्याच लागल्या. नियम असा की दोनशेच्या वर हरकती आल्या तर कंत्राट थांबायचं आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी व्हायची. शेवटची तारीख पंधरा.

बाईंनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या हातानं लिहायचं, आपल्या हातानं द्यायचं. लिहिता लिहिता शेवटचा दिवस उजाडला. पंधरा तारखेला चार नंबरच्या खिडकीपासून फाटकाबाहेरपर्यंत रांग लागली. ठप्प, ठप्प, ठप्प... तो मान वर न करता शिक्के मारत होता. पाचला खिडकी बंद झाली तेव्हा तीनशे बारा हरकती जमा होत्या. तीनशे बारा पोच माणसांच्या खिशांत होत्या. त्यानं दुखरं मनगट चोळत तिच्याकडे पाहिलं आणि फक्त मान हलवली. तिला त्या क्षणी वाटलं, हा खिडकीच्या आत असला तरी आपल्याच रांगेत उभा आहे.

आठवड्यानं फलकावर नोटीस लागली. बावन्न हरकती मुदतीत. दोनशे साठ हरकतींवर सोळा तारखेचा शिक्का, म्हणून बाद.

मांडवात एकच गलका झाला. सगळ्यांनी पोच काढून पाहिल्या. क्रमांक होता, सही होती. तारीख नव्हतीच! तारखेचा शिक्का फक्त मूळ अर्जावर बसायचा, आणि दोन महिने रोज पोच घेऊनही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चष्मेवालीच्याही नाही.

"दुसऱ्यांच्या नजरा तपासतेस," एक रिक्षावाला कडवटपणे म्हणाला, "आणि त्या गोडबोल्याकडे बघताना स्वतःची कुठे गेली होती?"

ताईनं गळ्यातल्या झोळीत अडकलेला हात सावरत एवढंच म्हटलं, "जा. विचारून ये. मनात ठेवू नकोस."

खिडकीपाशी ती उभी राहिली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "तुम्ही मारलात तो शिक्का?"

"मीच मारला. पण पंधराचाच, शपथेवर सांगतो! सकाळी तारखेचं चाक मी स्वतः फिरवलं. कागदावर उमटवूनसुद्धा बघितलं. दर वेळी शाई भरली की बघतो मी, तो कागद अजून खणात आहे."

"तो कागद घ्या आणि संध्याकाळी दुकानात या."

तो आला. उन्हं कलली होती. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, तपासणीची चौकट नाकावर ठेवली आणि एकेक भिंग सरकवायला लागली. इतक्या जवळून त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता.

"आता?"

"आता... तुम्ही दिसताय," तो हळूच म्हणाला. "पापणीवर एक तीळ आहे. दोन महिने ठाऊक नव्हता."

"तिळाचं राहू दे. कागद बघा."

त्यानं कागद जवळ धरला, अगदी नेहमीच्या माणसांसारखा. वर सकाळचा ठसा. पंधरा. खाली जेवणाच्या सुट्टीनंतरचा ठसा... त्याचं हसू विरलं.

"सोळा," तो म्हणाला. मग पुन्हा, "सोळा आहे हो हे."

त्यानं दोन्ही ठशांवरून बोट फिरवलं. मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखं म्हणाला, "सुट्टीत आमच्या विभागाच्या साहेबांनी शिक्का मागून नेला. म्हणाले, आण, शाई भरून देतो. सहा वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी स्वतः शाई भरली, आणि मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस! मी उमटवून बघितलं, पण अक्षरं मला धूसर... आणि चष्म्याची लाज. दोनशे साठ माणसं माझ्या तोऱ्यापायी बुडाली."

"बुडाली नाहीत अजून. सोमवारी बाद हरकतींवर सुनावणी आहे."

"तिथे मी बोललो तर नोकरी जाईल."

"जाईल कदाचित," ती म्हणाली. खोटा दिलासा तिला देता येईना. "मी तुम्हाला बोला म्हणणार नाही. गप्प राहा असंही म्हणणार नाही."

त्यानं चौकट काढून तिच्या हातात दिली. "चष्मा सोमवारच्या आत तयार होईल?"

सोमवारी तो नवा चष्मा घालून सुनावणीच्या दालनाबाहेर उभा होता. हातात तो कागद, घडी न पाडता पुठ्ठ्यात ठेवलेला. आत माणसं दाटीवाटीनं बसली होती. बाई पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी ताई, आणि ताईशेजारची खुर्ची चष्मेवालीसाठी राखलेली.

"घाबरलात?" तिनं विचारलं.

"बोलायला नाही. बाबांना." तो भिंतीकडे बघत होता. "बाबा याच कार्यालयात तीस वर्षं शिपाई होते. साहेबांनी मला इथे लावलं, म्हणून बाबा त्यांना देव मानतात. आधी सांगितलं असतं तर त्यांनी शपथ घातली असती, आणि मला ती मोडता आली नसती. पण मी आत बोललो की साहेब पहिला फोन बाबांनाच करतील. तुमच्या पोरानं खाल्ल्या घरचे वासे मोजले, म्हणतील. छातीनं अधू आहेत ते. घरी एकटे असतात."

तिनं दालनाच्या दाराकडे पाहिलं. दोन महिने ज्या तासासाठी रोज साडेदहा गाठले, तो तास समोरच्या दारापलीकडे सुरू होणार होता. ताईचा मोडलेला खांदा, बाईंचा मांडव, सगळं तिथे होतं.

"मी जाते बाबांकडे," ती म्हणाली. "साहेबांच्या फोनआधी मी सांगेन त्यांना. नीट, पहिल्यापासून."

"पण तुम्हाला तर हे ऐकायचं होतं! यासाठीच तर..."

"तू बोलणार आहेस ना? मग ते मी ऐकलंच समज."

त्या 'तू'नं दोघंही दचकले. त्यानं चष्मा उगाचच सारखा केला. "एक सांगू? रोज सव्वादहालाच माझं लक्ष दाराकडे लागायचं. कागद दिसायचे नाहीत, पण तुझी पावलं ओळखू यायची."

"आणि मी," तिचा आवाज आता फारच हळू झाला होता, "तोच अर्ज घरी तीनदा लिहायचे. अक्षर चांगलं यावं म्हणून."

"आणि मी तो हातभर लांब धरायचो!"

दोघंही हसले, आवाज न करता. त्यानं तिचा हात धरला नाही. फक्त कागदाच्या पुठ्ठ्यावर दोघांची बोटं शेजारी शेजारी टेकली होती, ती कुणीच उचलली नाहीत.

आतून पुकारा झाला, "आवक विभागाचे कारकून हजर आहेत का?"

"घर कुठे?" तिनं घाईनं विचारलं.

"पाण्याच्या टाकीमागची चाळ. वरचा मजला, हिरवं दार. आणि हो, बाबांना कमी ऐकू येतं. जवळ बसून सांग."

तो आत गेला. दार ढकललं गेलं तेव्हा तिला ताईशेजारची रिकामी खुर्ची दिसली. ताईनंही तिला पाहिलं, भुवया उंचावल्या. तिनं मानेनंच खूण केली, मी येते जाऊन. ताई तिची ताईच होती. काही न विचारता तिनं आपली पिशवी त्या खुर्चीवर ठेवली.

"मी खिडकी क्रमांक चारवर सहा वर्षं काम करतो," आतून त्याचा आवाज आला. शब्द स्पष्ट होते. "पंधरा तारखेला दुपारी..."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. पदर खोचून ती जिना उतरली, मांडवावरून पुढे गेली आणि पाण्याच्या टाकीच्या दिशेनं झपाझप चालू लागली. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला पहिलं वाक्य काय सांगायचं, ते मनात जुळवत.