तिसरा पापा

भांडण सुरू झालं ते गालावरून.

दक्षिण फ्रान्समधल्या माँद या लहान गावच्या शाळेत सप्टेंबरची पहिली सकाळ. बाहेर बारीक पाऊस, आणि शिक्षकांच्या खोलीत ओल्या कोटांचा नि कॉफीचा वास. सुट्टीनंतर सगळे एकमेकांना भेटत होते. गालाला गाल, ओठांचा हलका आवाज – उजवा, डावा, पुन्हा उजवा. एवढ्यात इतिहास-भूगोलाचे नवे सर मागालीसमोर आले. उंच, गळ्यात राखाडी मफलर, डोळे जरा जास्तच हसरे.

"तिबो."

"मागाली. जीवशास्त्र."

त्याने एक पापा दिला, दुसरा दिला आणि मागे सरला. मागालीचा तिसरा मात्र निघालेला होता... डोळे अर्धे मिटलेले, ओठ पुढे, आणि समोर नुसती हवा! खोली खो खो हसली. मागाली तांबडीलाल झाली.

"पॅरिसचे दिसता," ती म्हणाली.

"कसं ओळखलंत?"

"काम अर्धवट टाकून पळालात, त्यावरून."

"आमच्याकडे दोनच असतात, मॅडम."

"आमच्याकडे तीन. आणि तुम्ही सध्या आमच्याकडे आहात."

दुसऱ्या दिवशी घाबरून त्याने चार दिले.

"एक परत घ्या," मागाली फणकारली.

"परत कसा घेतात... दाखवता?"

मागाली तडक वर्गाकडे वळली, आणि दिवसभर स्वतःवरच चिडलेली होती. असल्या चिडण्याला काय म्हणतात ते गणिताच्या मादाम रुव्हिएरना पक्कं ठाऊक होतं, पण त्या कॉफी ढवळत राहिल्या. निवृत्तीला आलेली माणसं घाई करत नाहीत.

ऑक्टोबर संपता संपता 'तुम्ही'चं 'तू' झालं. एका शनिवारी मागालीने त्याला अलिगो करायला शिकवलं. घोटलेल्या गरम बटाट्यात ताजं चीज घालायचं, आणि तार सुटेपर्यंत लाकडी कालथ्याने ओढत राहायचं. तिबो कालथा वर वर नेत स्टुलावर चढला. पांढरी तार भांड्यापासून थेट त्याच्या कपाळापर्यंत आली.

"तुटली तर?"

"इथली मुलगी मिळत नाही."

तो श्वास रोखून उभा राहिला. छपरावर पाऊस वाजत होता.

"नाही तुटली," तो हळूच म्हणाला.

"बटाटा चांगला होता," मागाली म्हणाली. पण नजर काही तिने काढून घेतली नाही.

फेब्रुवारीच्या सुट्टीच्या तोंडावर तिबोने विचारलं, "मी पॅरिसला बदली मागणार आहे. तू... येशील माझ्याबरोबर? कायमची?"

मागालीला हवंहवंसं वाटलं, आणि भीतीही वाटली. "आधी घर दाखव तुझं," ती म्हणाली, "मग बघू."

पॅरिसला जाताना तिने नवा निळा ड्रेस घेतला आणि अलिगोचं ताजं चीज, कापडात नीट बांधून. रविवारी दुपारी जेवायला तिबोचे आईवडील होते, मित्र होते, बहीण ऑर्तान्स होती. मागालीने चीज पुढे केलं. ऑर्तान्सने ते दोन्ही हातांत घेतलं, ड्रेसकडे पाहिलं, पुन्हा चीजकडे पाहिलं आणि आनंदाने ओरडली, "अगं किती गोड! तिबो, तुझी मागाली अगदी प्रोव्हँस्याल आहे रे!"

प्रोव्हँस्याल. शब्दकोशात अर्थ साधाच आहे – प्रांतातली, पॅरिसबाहेरची. टेबलाभोवती सगळे हसले, प्रेमाने हसले.

तिबोही हसला.

मागालीने रुमाल घडी करून ठेवला, कोट घेतला आणि ती बाहेर पडली. तिबोने तिला जिन्यात गाठलं. जिन्याला खिडकी नव्हती, आणि दिवा बटण दाबल्यावर थोडा वेळ जळून आपोआप विझणारा.

"मागाली, ती काही वाईट अर्थाने नाही म्हणाली!"

"वाईट अर्थाने म्हणायला हवं होतं! शेतकरीण म्हणाली असती तर मान ताठ केली असती मी. माझ्या आजोबांनी मेंढ्या राखल्यात. त्या शब्दाला मातीचा वास आहे. गावंढळ म्हणाली असती तर मीही दोन शब्द सुनावले असते. पण हा शब्द कुणासाठी ठेवलाय तुम्ही, माहितीय? जी पुस्तकं वाचते, नवा ड्रेस घालून येते, तुमच्यासारखं बोलायची धडपड करते, तिच्यासाठी! कितीही कर बाई, तू बाहेरचीच... हे हसून सांगायचा शब्द आहे तो!"

दिवा गेला. तिबोने चाचपडत बटण दाबलं.

"तिने प्रेमाने म्हटलं."

"म्हणूनच लागलं! शिवी असती तर शिवी देता आली असती. प्रेमाला काय देऊ? आणि लियाँएवढं मोठं शहर तुम्हाला प्रांत, मार्सेयही प्रांत, माझं माँद तर विचारूच नका. भूगोल शिकवतोस ना रे तू? तुमच्या नकाशात दोनच जागा आहेत – पॅरिस आणि उरलेलं!"

"मी तर काहीच बोललो नाही..."

"नाही बोललास. हसलास."

दिवा पुन्हा गेला. या वेळी त्याचा हात बटणाकडे गेला नाही. खालचं दार उघडून आपटल्याचा आवाज तेवढा आला.

गाडीत मागालीला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो माँद येईपर्यंत पुरला. तिथे राहायला जायचं? जन्मभर त्या टेबलावर गोड दिसत बसायचं? जमणार नाही. तिबोचे फोनवर फोन सुरू होते, तिने एकही घेतला नाही.

सुट्टी संपली. सोमवारी शिक्षकांच्या खोलीत पुन्हा गालाला गाल सुरू झाले. तिबो सगळ्यांना भेटत भेटत तिच्यापर्यंत पोचला. मागालीने सरळ हात पुढे केला. सहा महिने गालाने भेटलेल्या माणसाला हात! सगळ्यांच्या माना वळल्या.

"हात नको," तिबो म्हणाला.

"मग काहीच नाही मिळणार."

"ऐकून तर घे. तू गेल्यावर मीही निघालो. आईला दोन दिले आणि... तिसऱ्याला पुढे झालो. आपोआप. ती तोवर वळली होती. मी ओठ पुढे काढून हवेत उभा!"

कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं.

"ऑर्तान्स टाळ्या पिटत म्हणाली, अय्या, हाही प्रोव्हँस्याल झाला! सगळे हसले. आणि मला इतका राग आला, मागाली... कान तापले. तीही प्रेमानेच म्हणाली होती. तुझं चीज तसंच गुंडाळलेलं पडलं होतं. ते उचललं आणि आलो."

"चीज परत आणलंस?"

"मांडीवर घेऊन. आणि बदली मागत नाहीये मी."

"माझ्यावर उपकार नकोत!"

"उपकार नाहीत. त्या टेबलावर मलाच आता बसवत नाही."

"तू हसलास, तिबो."

"हसलो. चुकलं माझं. पहिल्या दिवशी इथे तुला हवेत सोडून मागे सरलो, तेही चुकलं. तेव्हा कळलं नव्हतं."

मागालीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग पुढे होऊन एक पापा दिला, दुसरा दिला आणि ठरवून मागे सरली. तिबो गाल पुढे करून, कंबरेत वाकलेला तसाच राहिला. खोली खो खो हसली. घंटा झाली, पण तो हलला नाही.

"मी थांबतो," तो म्हणाला.

"अगं दे बाई एकदाचा," मादाम रुव्हिएर करवादल्या, "वर्गात पोरं धिंगाणा घालतायत माझी!"

तिसरा पापा गालावर पडलाच नाही. तो कुठे पडला ते सगळ्या खोलीने पाहिलं, आणि दुपारपर्यंत सगळ्या शाळेला कळलं.

"राग... गेला?" तिबोने विचारलं.

"मुळीच नाही," वह्या उचलत मागाली म्हणाली. "संध्याकाळी चीज घेऊन ये. बटाटे उकडून ठेवते. आणि तार तुटली तर बघ!"